सार्वजनिक वाहतूक संस्थेत नकाशा तंत्रज्ञ: रोजचं काम काय असतं आणि तयारी कशाची करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: जीआयएसचा (संगणकावर नकाशे आणि त्यांची माहिती हाताळण्याच्या तंत्राचा) पदविका अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे, त्यासाठीचं क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं येतं, आणि बस व मेट्रो चालवणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेत मॅपिंग टेक्निशियनची जागा मिळण्याची शक्यता आहे. तिथे दिवसभर काय करावं लागेल? आहे तेवढ्या शिदोरीवर भागेल का? आणि चार-पाच वर्षांनी माणूस त्याच खुर्चीत बसलेला असेल का?

मी या कामात बरीच वर्षं काढली आहेत, नव्याने आलेल्यांना शिकवलंही आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी एक अपेक्षा दुरुस्त करून घ्या. पदाच्या नावात मॅपिंग असलं तरी नकाशा काढणं हा कामाचा लहान भाग आहे. मोठा भाग बदलांचा माग काढण्याचा आहे. थांबा थोडा पुढे सरकतो, रस्ता एकेरी होतो, पुलाचं काम निघतं, शाळा सुटण्याच्या वेळेला एक जादा फेरी लागते, आगारातून गाडी बाहेर काढण्याचं फाटक बदलतं. यातला प्रत्येक बदल संस्थेत कुणाला तरी ठाऊक असतोच, पण तो तुमच्यापर्यंत पोचवायला हवा हे त्याच्या गावीही नसतं. आणि तुमच्या टेबलावरची नोंद तर पुढे दहा ठिकाणी जाते: प्रवाशाच्या मोबाइलवरचं ॲप, गाडीतली 'पुढचा थांबा' ही घोषणा, थांब्यावरचा वेळ दाखवणारा फलक, नियंत्रण कक्षातला पडदा, चालकाला दिलेला मार्गाचा कागद, तक्रार घेणाऱ्या माणसासमोरचा संगणक, निवाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांची यादी. बदल वेळेत टिपायचा आणि या सगळ्या ठिकाणी एकाच दिवशी, एकसारखा पोचवायचा, हे तुमचं खरं काम. ज्याला हे आवडतं तो या नोकरीत रमतो. ज्याला फक्त सुंदर नकाशे करायचे आहेत त्याची पहिल्याच वर्षी निराशा होते.

आता थांब्याबद्दल सविस्तर बोलतो, कारण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

अभ्यासक्रमात थांबा म्हणजे एक बिंदू असतो. प्रत्यक्षात तो बिंदू नेमका कशाचा, इथूनच वाद सुरू होतो. खांबाचा, निवाऱ्याचा, गाडीचं पुढचं दार उघडतं त्या जागेचा, की गाडीच्या मार्गरेषेवरचा? नियोजन विभागाला मार्गरेषेवरचा बिंदू हवा असतो, देखभालवाल्यांना खांब हवा असतो, प्रवाशाला उभं कुठे राहायचं ते हवं असतं. माझं ठाम मत आहे की मूळ नोंद प्रवासी जिथे उभा राहतो त्या जागेची असावी आणि बाकीचे बिंदू त्यावरून काढावेत. खांब आणि निवारा यांची नोंद वेगळ्या थरात ठेवून थांब्याच्या क्रमांकाशी जोडावी. संस्थेची पद्धत वेगळी असेल तर ती पाळा, पण ती लेखी असू द्या. एकाच टेबलात अर्धे बिंदू खांबांचे आणि अर्धे रस्त्याच्या मधोमध असणं यासारखा घोळ नाही.

दुसरी गोष्ट बाजूची. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर असतात, एक जाणाऱ्या गाडीचा, एक येणाऱ्या गाडीचा. फोनवर घेतलेलं स्थान मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचे संकेत भिंतींवरून परावर्तित होऊन येतात आणि बिंदू सहज पलीकडच्या पदपथावर जाऊन बसतो. नकाशावर बघणाऱ्याला ही चूक नगण्य वाटते. पण स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारी अंध व्यक्ती ॲपच्या भरवशावर चालत येते आणि चार पदरी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभी राहते. तिची गाडी समोरून निघून जाते. म्हणून प्रत्येक थांब्याला दिशा नोंदवा, आणि थांबा मार्गरेषेच्या योग्य हाताला आहे का, ही तपासणी स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) लिहून कायमची लावून घ्या. वाहतूक रस्त्याच्या ज्या बाजूने चालते त्यावरून ही तपासणी सरळ ठरते. अपवाद निघतील, मधल्या मार्गिकेतले थांबे किंवा टर्मिनसच्या आतले, पण ते हाताने बघता येतात.

यासाठीच जागेवर जायचा कंटाळा करू नका. उपग्रह चित्रावरून पदपथाची कड उंच आहे की उतरती, खांबाच्या आणि कडेच्या मध्ये व्हीलचेअर वळेल एवढी जागा आहे का, झाडाच्या फांदीमागे फलक दिसतो का, हे कळत नाही. थांब्यावर गेलात की फोटो चार बाजूंनी घ्या: गाडी ज्या दिशेने येते तिकडून एक, पदपथावरून एक, जवळच्या ओलांडणीकडून एक आणि फलकाचा एक. फलकावरचा क्रमांक टेबलातल्या क्रमांकाशी तिथेच ताडून बघा. कार्यालयात परतल्यावर फोटोतला क्रमांक वाचता येत नाही, हा सगळ्यांचा अनुभव आहे.

मार्गरेषेकडे वळू. मार्ग काढताना रस्त्यांच्या जाळ्यावर रेषा बसवावी, हाताने मोकळी ओढू नये, म्हणजे पुढे रस्ता बदलला की कुठले मार्ग अडकले ते डेटाबेसला विचारलेल्या एका प्रश्नात, म्हणजे एका क्वेरीत, कळतं. बहुतेक मार्ग सरळ असतात आणि त्यांचा त्रास नसतो. त्रास देतो तो वळसा घेणारा मार्ग. समजा गाडी मुख्य रस्त्याने वसाहतीत शिरते, आत गोल फेरी मारते आणि त्याच तोंडाने बाहेर पडते. तोंडाशी असलेल्या एका थांब्यावर ती जाताना एकदा आणि येताना पुन्हा थांबते. थांबा रेषेवर बसवणारं सॉफ्टवेअर जवळात जवळचा बिंदू शोधतं, आणि दोन्ही वेळा त्याला तोच बिंदू सापडतो. परिणाम असा की परतीची गाडी ॲपमध्ये उलटी उडी मारून वसाहतीच्या सुरुवातीला दिसते आणि पुढच्या सगळ्या थांब्यांच्या अपेक्षित वेळा चुकतात. यावर उपाय म्हणजे रेषेच्या सुरुवातीपासूनचं अंतर प्रत्येक थांब्याच्या नोंदीत लिहिणं, जेणेकरून पहिली भेट आणि दुसरी भेट वेगवेगळ्या अंतरांवर पडेल. हे अंतर फेरीभर वाढतच गेलं पाहिजे. कुठे कमी झालं की तिथे चूक आहे, शोधायला लांब जावं लागत नाही. नवीन माणसाला मी पहिल्या आठवड्यात असाच एखादा मार्ग देतो. तो नीट जमला की बाकीचे जमतात.

हे सगळं बाहेरच्या जगाला ज्या साच्यात दिलं जातं तो जीटीएफएस (जनरल ट्रान्झिट फीड स्पेसिफिकेशन). तुमच्या जाहिरातीत तो शब्द नसला तरी तो शिकूनच जा. 2005 साली अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून तो सुरू केला. ट्रायमेटमधल्या बिबियाना मॅकह्यू यांना प्रश्न पडला होता की गाडी चालवणाऱ्याला ऑनलाइन नकाशावर रस्ता इतक्या सहज सापडतो, मग बसने जाणाऱ्याला का नाही. त्या वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टलंडचं वेळापत्रक गूगलच्या प्रवास-नियोजकात दिसू लागलं. सुरुवातीला नावातला 'जी' गूगलचा होता, पुढे तो 'जनरल'चा झाला, कारण साचा सगळ्यांचाच झाला होता. आतून तो अगदी साधा आहे: स्वल्पविरामाने तोडलेल्या काही मजकूर-फाइली एका झिपमध्ये बांधलेल्या. थांब्यांची एक, मार्गांची एक, फेऱ्यांची एक, प्रत्येक फेरी प्रत्येक थांब्यावर किती वाजता ते सांगणारी एक, कुठल्या दिवशी कुठली सेवा ते सांगणारं कॅलेंडर, आणि रेषांची एक.

त्यातल्या काही गोष्टी नवख्याला चकवतात. मध्यरात्रीनंतरची वेळ 25:10:00 अशी लिहिली जाते, कारण रात्री सुरू झालेली सेवा त्याच सेवादिवसात मोजायची असते. कुणी हुशारीने ती 01:10:00 केली तर फेरी आदल्या पहाटेला जाऊन पडते. सुट्टीच्या दिवसांसाठी वेगळी फाइल असते, तिच्यात 1 म्हणजे त्या दिवशी सेवा जोडली आणि 2 म्हणजे काढली. ही फाइल सणासुदीच्या आदल्या दिवशी घाईत भरू नका, वर्षाच्या सुरुवातीलाच भरा. आणि फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडून जतन करण्याची सवय असेल तर ती मोडा. मार्ग क्रमांक 07 चा 7 होतो, थांब्याच्या क्रमांकापुढची शून्यं जातात, अक्षरांचं एन्कोडिंग बदलतं आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. प्रसिद्ध करण्याआधी दर वेळी व्हॅलिडेटर, म्हणजे फाइली साच्यात बसतात का ते तपासणारं सॉफ्टवेअर, चालवा. तो मोफत मिळतो. पण व्हॅलिडेटरला साचा कळतो, शहर कळत नाही. सगळं हिरवं दाखवूनही बस नदीतून जात असू शकते, म्हणून डोळ्यांनी बघणं सुटत नाही.

थांब्याचा क्रमांक एकदा दिला की तो बदलू नये, आणि थांबा बंद झाला तरी तो दुसऱ्याला देऊ नये. गाडीच्या चालू स्थितीची माहिती देणारा प्रवाह वेगळा असतो, आणि त्यात थांब्याचं नाव नसतं, फक्त थांब्याचा आणि फेरीचा क्रमांक असतो. वेळापत्रकाची नवी फाइल रात्री बारा वाजता लागू झाली आणि नियंत्रण प्रणाली अजून जुन्या क्रमांकांनी बोलत असली, तर सकाळी गाड्या रस्त्यावर वेळेत धावत असतात आणि ॲपमधून मात्र गायब असतात. नव्या वेळापत्रकाचा पहिला दिवस म्हणूनच आमच्यासाठी वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. दोन्ही बाजूंचे क्रमांक आदल्या आठवड्यात जुळवून बघायचे, आणि त्या दिवशी पहिली गाडी निघण्याआधी कामावर हजर राहायचं.

गाडीतल्या घोषणेचंही असंच आहे. प्रत्येक थांब्याभोवती एक अदृश्य वर्तुळ ठेवलेलं असतं, गाडी त्यात शिरली की घोषणा होते. वर्तुळ लहान ठेवलं तर उपग्रहाच्या चुकीमुळे गाडी बाहेरूनच निघून जाते आणि घोषणा होतच नाही. मोठं ठेवलं तर शेजारच्या रस्त्यावरून जाताना चुकीची घोषणा होते. सगळ्या थांब्यांना एकच त्रिज्या देऊन मोकळं होण्याचा मोह होतो. गर्दीच्या चौकांमधले थांबे तेवढे तरी एकेक करून बघा आणि त्या गाडीत बसून ऐका. चालकांशी बोला. कुठली घोषणा कुठे चुकते हे त्यांना तोंडपाठ असतं, पण त्यांना कुणी विचारत नाही.

सहनिर्देशकांबद्दल थोडं, कारण अभ्यासक्रमात हे शिकवतात पण त्याचं महत्त्व काम करताना कळतं. अंशांच्या पाचव्या दशांश स्थानाची किंमत साधारण एक मीटर. म्हणजे चौथ्या स्थानावर तोडलेला बिंदू थांब्यासाठी निकामी, आणि दहाव्या स्थानापर्यंत लिहिलेला बिंदू खोट्या अचूकतेचा. अक्षांश-रेखांशांचा क्रम दर फाइलमध्ये तपासा. जिओजेसन या नकाशाच्या माहितीच्या फाइल-प्रकारात रेखांश आधी येतो, जीटीएफएसच्या थांब्यांच्या फाइलमध्ये सहसा अक्षांश आधी असतो, आणि क्रम उलटला की तुमचं शहर दुसऱ्या खंडात किंवा समुद्रात जातं. रिकाम्या रकान्यात शून्य भरलं गेलं तर थांबा आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात जाऊन बसतो. या चुका निदान लगेच दिसतात. न दिसणारी चूक वेब मर्केटरमध्ये अंतर मोजण्याची. ऑनलाइन नकाशांचं हे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत) विषुववृत्तापासून दूर जाल तसं अंतर फुगवतं, 60 अंश अक्षांशावर ते दुप्पट होतं. तिथे 400 मीटरचं वर्तुळ काढलंत तर जमिनीवर ते 200 मीटरचंच असतं, आणि नकाशा बघून कुणालाही शंका येत नाही. अंतर मोजायचं तर मीटरमध्ये मोजणारी स्थानिक सहनिर्देशक प्रणाली घ्या.

ते 400 मीटर उगाच नाहीत. बसथांब्यापर्यंत माणूस पायी किती येईल याचा तो रूढ अंदाज आहे, साधारण पाच मिनिटांची चाल. व्यवस्थापन तुमच्याकडे नेहमी विचारेल की किती लोक थांब्याच्या टप्प्यात येतात. थांब्याभोवती गोल काढून आतली लोकसंख्या मोजणं सोपं आहे आणि ते उत्तर जवळजवळ नेहमीच वाढीव असतं. मध्ये रेल्वेमार्ग असेल, नाला असेल, कुंपण घातलेली वसाहत असेल, तर नकाशावर 300 मीटरवर असलेल्या घरातल्या माणसाला प्रत्यक्षात किलोमीटरभर चालावं लागतं. पायी चालण्याच्या रस्त्यांच्या जाळ्यावर अंतर मोजा, आणि दोन्ही नकाशे शेजारी शेजारी ठेवून दाखवा. या फरकात सापडलेली माणसं बहुतेकदा वाहनं नसलेलीच असतात. एखाद्या भिंतीत वाट काढायची की नवा मार्ग सुरू करायचा, असा निर्णय तुमच्या अशा एका नकाशावरून होऊ शकतो. या कामातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच.

सुलभतेच्या नोंदींबाबत मी फार आग्रही आहे. जीटीएफएसमध्ये व्हीलचेअरचा एक रकाना असतो. त्यात 1 म्हणजे चढता येतं, 2 म्हणजे येत नाही, आणि 0 किंवा रिकामं म्हणजे माहिती नाही. टेबल पूर्ण दिसावं म्हणून रिकाम्या जागी 1 भरून टाकण्याचा दबाव येतो. तसं करू नका. 'माहिती नाही' बघून माणूस आधी फोन करून विचारतो, 'चढता येतं' बघून तो घरातून निघतो. स्थानकांच्या आतल्या वाटा, जिने, सरकते जिने आणि लिफ्ट यांसाठीही वेगळी फाइल असते. ती भरणं कष्टाचं आहे, प्रत्येक प्रवेशद्वारापासून फलाटापर्यंत चालत जावं लागतं, पण लिफ्ट बंद पडल्यावर पर्यायी वाट सुचवणं त्याशिवाय ॲपला शक्य नसतं.

छापील नकाशाबद्दलही विचारलं जाईल. हॅरी बेक यांनी 1931 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा आराखडा आडव्या, उभ्या आणि तिरप्या रेषांमध्ये काढला, 1933 मध्ये तो प्रवाशांच्या हातात आला आणि जगभर तीच रीत झाली. जमिनीखाली प्रवाशाला अंतराचं सोयरसुतक नसतं, कुठे बदलायचं तेवढं पुरतं. याउलट न्यूयॉर्कमध्ये 1972 सालचा मासिमो विन्येली यांचा तसाच नकाशा लोकांना पटला नाही. लांबुळका सेंट्रल पार्क त्यात चौकोनी झाला होता, आणि स्थानकातून वर आलेल्याला रस्ता ओळखू येईना. 1979 मध्ये तो बदलला गेला. बसच्या नकाशात रस्ते ओळखीचे दिसावेच लागतात, कारण प्रवासी रस्त्यावरच उभा असतो. रंग निवडताना लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्यांचा विचार करा आणि रंगाच्या जोडीला मार्ग क्रमांक लिहा. एवढं सांभाळलं तर बाकी रंगसंगती ज्याच्या त्याच्या आवडीची.

तयारीबद्दल सांगतो. क्यूजीआयएस येतं हे उत्तम, संस्थेत दुसरं सॉफ्टवेअर असलं तरी हात लवकर बसेल. त्यानंतर लगेच एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारण्याची भाषा, शिका, शक्यतो पोस्टजीआयएस या नकाशाची माहिती साठवणाऱ्या डेटाबेस-जोडणीसह. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेपेक्षाही आधी. रोजचे निम्मे प्रश्न 'कुठल्या थांब्यांना एकही फेरी नाही' अशा स्वरूपाचे असतात आणि त्यांची उत्तरं चार ओळींत मिळतात. पायथन नंतर, तपासण्या आपोआप चालवण्यापुरतं. सराव म्हणून एखाद्या संस्थेचं खुलं जीटीएफएस उतरवून घ्या, ते डेटाबेसमध्ये भरा, आणि त्यातल्या चुका शोधून एका पानाचा अहवाल लिहा. मुलाखतीला तो अहवाल घेऊन जा. मी मुलाखत घेतो तेव्हा दहा प्रमाणपत्रांपेक्षा असं एक पान मला जास्त सांगून जातं.

वाढीचं म्हणाल तर वाट दोन बाजूंनी फुटते. काहीजण डेटाबेस आणि प्रणालींकडे जातात, काहीजण मार्गनियोजनाकडे. दुसऱ्या वाटेसाठी वेळापत्रक बनवणाऱ्यांच्या शेजारी बसायची संधी मिळाली तर सोडू नका. गाड्या आणि चालक यांची जुळवाजुळव कशी होते हे समजलं की तुमच्या सूचना लोक ऐकायला लागतात. त्याच खुर्चीत तीच माणसं राहतात जी फक्त आलेल्या विनंत्या पूर्ण करतात. विनंती करणारा ती का करतोय हे विचारणाऱ्याला पुढचं काम आपोआप मिळत जातं.

आणि मुलाखतीत शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतील, तेव्हा हे नक्की विचारा: थांब्यांची मूळ नोंद कोण सांभाळतं, आणि थांबा हलवायचा ठरला की त्या माणसाला ते कधी कळतं? उत्तरात एक विभाग आणि एक ठरलेली मुदत आली तर निश्चिंतपणे रुजू व्हा. समोरचे एकमेकांकडे बघू लागले तर तुमचं पहिल्या वर्षाचं काम काय असणार ते तिथेच कळेल, आणि त्या हिशेबाने पगाराची आणि हाताखाली एखादा माणूस मिळण्याची बोलणी करा.